मेणावरचा अंगठा

बोंडूला कोकणात कोणी फळ म्हणून मान देत नाही. काजूची बी पिळून काढली की तो झाडाखालीच टाकायचा. चार दिवसांत कुजतो, चिलटं घोंगावतात, गुरांनी खाल्ला तर खाल्ला. वरच्या वाडीतल्या धोंडू पाष्ट्याने साठ वर्षांत किती बोंडू पायाखाली तुडवले असतील याची गणती नाही. आणि याच धोंडूने पुढे एका पिपातला बोंडूचा रस तळहातावरच्या फोडासारखा जपला. इतका जपला की त्याची पार वाट लावली. माणूस चांगला होता, मायाळू होता, पण त्याची हकीगत सांगताना त्याचा राग आल्याशिवाय राहत नाही.

धोंडूची मुलगी मनस्वी. लग्नानंतर पंधरा वर्षांनी झालेली, एकुलती एक. तिच्या बरोबरीच्या मुली बारावी झाल्या की मुंबई गाठायच्या नाहीतर सासर. ही दापोलीला कृषी विद्यापीठात गेली आणि उद्यानविद्या शिकली. सुट्टीत घरी आली की बापाच्या कलमांतून फिरायची आणि बापालाच शिकवायची. इथे छाटणी चुकली, तिथे खत वाया घालवलंत, असं सगळं. धोंडू तोंडावर करवादायचा आणि दुसऱ्या दिवशी गुहागरच्या स्टँडवर भेटेल त्याला तेच ज्ञान स्वतःचं म्हणून ऐकवायचा. ऐकणारे हसायचे, कारण ते कुठून आलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दापोलीच्या हॉस्टेलात तिच्या खोलीत दाभोळची समरीन होडेकर राहायची. बाप कुवेतला, घरी आई आणि दादी ताजबी. दोघींचं इतकं जमलं की शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही दोघींनी मिळून घेतला, बोंडूच्या वाइनचा. समरीनच्या घरी दारूचा थेंब चालत नाही, आणि तिलाही तो चालवायचा नव्हता. मग कामाची वाटणी झाली. साखर किती, आंबटपणा किती, ही सगळी मोजमापं समरीनची. वास घ्यायचा तोही तिनेच. चव मात्र मनस्वीने घ्यायची आणि कशी लागली ते तिला सांगायचं. मनस्वी सांगायची पण कशीबशी, कारण चव शब्दांत मांडणं तिला कधी जमलंच नाही. "बरी आहे गं," एवढंच म्हणायची. समरीन चिडून वहीत 'बरी' असं लिहायची.

शिक्षण संपलं तशी मनस्वी घरी आली. नोकरीचे अर्ज बाजूला ठेवून तिने टोपल्या घेतल्या आणि बोंडू वेचायला सुरुवात केली. वाडीत हसू झालं. धोंडूलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पोरीपुढे त्याचं कधी चाललं होतं?

बोंडूचा रस पिताना घसा धरतो. तो धरू नये म्हणून रसात तांदळाची गार पेज घालायची, ढवळायचं आणि सोडून द्यायचं. पेजेबरोबर गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ रस राहतो. ही पेज गंगाने शिजवली, मनस्वीच्या आईने. आपली पेज दारूत जाणार म्हणून तिने आठवडाभर कुरकुर केली आणि शिजवली मात्र अशी बेताची की मनस्वीला एकदाही परत सांगावं लागलं नाही. वरचा रस निळ्या ड्रममध्ये भरला, साखर घातली, यीस्ट घातलं, झाकणातून एक नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. मग बाटलीत बुडबुड सुरू झाली ती तीन आठवडे थांबली नाही. धोंडू दुपारचा जेवला की तिथे जाऊन बसायचा आणि ते बुडबुडे बघायचा. गावात बातमी पसरली की धोंडूने भट्टी लावली. विचारायला आलेल्यांना मनस्वीने खोलीत नेलं आणि म्हणाली, भट्टीला जाळ लागतो, तो कुठे दिसतो ते दाखवा. परवानगीचा अर्जही तिने रीतसर लिहून ठेवला होता. रस आंबून तयार झाला तेव्हा तिने चमच्यात घेऊन आईच्या तोंडाशी धरला. गंगाने "शी" म्हणून तोंड फिरवलं.

लाकडी पीप आलं ते नाशिककडून. तिथल्या द्राक्षाच्या वाइनवाल्यांकडचं जुनं, ओकच्या लाकडाचं, कमरेएवढं. धोंडूचा आंबा घेऊन गेलेला टेम्पो रिकामा परत यायचा होता, त्यातून आलं. आंब्याच्या पेट्या ठेवायच्या मागच्या खोलीत, जिथे उन्हाळ्यातही जांभ्याच्या भिंती गार असतात, तिथे ते आडवं ठेवलं. दोन दिवस पाण्याने भरून ठेवल्यावर लाकूड फुगलं, गळती थांबली. मग पाणी काढून त्यात वाइन भरली, काठोकाठ.

"लाकूड पितं, बाबा," मनस्वीने समजावलं. पीप दर महिन्याला थोडं थोडं रिकामं होतं. वर जागा झाली की हवा शिरते, हवा शिरली की सगळं आंबट होऊन जातं. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला बूच काढायचं आणि भर घालायची. भर घालण्यासाठी तिने तीच वाइन बाटल्यांत वेगळी भरून ठेवली होती. प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवून महिन्याचं नाव लिहिलं होतं, जूनपासून पुढच्याच्या पुढच्या एप्रिलपर्यंत. दोन वर्षांनी अखितीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पीप उघडायचं होतं. पहिला घोट बाबांचा. तोपर्यंत बाबांनी चाखायचंसुद्धा नाही, कच्ची चव जिभेवर बसली की पक्की कळत नाही, असा तिचा हुकूम होता. धोंडूने मान डोलावली.

बुचाभोवती मुंग्या यायच्या म्हणून ती त्यावर मधमाश्यांचं मेण ओतायची. पुढच्या महिन्यात आधीचं मेण सुरीने खरवडून भांड्यात टाकायची, वितळवायची आणि भर घालून झाली की तेच परत ओतायची. मेण कोमट असतानाच त्यावर अंगठा दाबायची. "सही केली," म्हणायची. जूनला सही झाली, जुलैला झाली, ऑगस्टलाही झाली.

ऑगस्टमध्येच ती गेली. भाताची बेणणी चालू होती, तण काढायला चार दिवस चिखलात उतरली होती. ताप आला तेव्हा कोणालाच विशेष वाटलं नाही. पावसाळ्यात ताप येतोच. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले तसं रत्नागिरीला नेलं. लेप्टो, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाचव्या दिवशी तिला घरी परत आणलं ते पांढऱ्या कपड्यात. बावीस वर्षांची पोर. तेव्हा धोंडू रडला नाही, आणि ते बघून गंगाला जास्त भीती वाटली.

सप्टेंबरची एक तारीख आली. धोंडूला ती कोणी आठवण करून दिली नव्हती, तरी सकाळपासून त्याच्या डोक्यात तीच होती. दुपारी गंगा जरा लवंडली तसा तो मागच्या खोलीत गेला. 'सप्टेंबर' लिहिलेली बाटली काढली, उघडली, सुरी घेतली आणि पिपावर वाकला. मेणावर अंगठा होता. सगळ्या रेषा स्पष्ट, आणि मधोमध एक आडवी बारीक खाच. सात वर्षांची असताना विळीवर अंगठा कापून घेतला होता तिने, त्याची खूण. टाके घालताना धोंडूनेच तिला मांडीवर धरलं होतं.

सुरी हातातच राहिली. मेण खरवडायचं म्हणजे तो अंगठा भांड्यात टाकून वितळवायचा. पोर जाळून आलेल्या बापाला ते कसं व्हावं? तो पेटीवर बसला. बराच वेळ नुसता त्या मेणाकडे बघत राहिला. बाटली तर उघडून झाली होती. उघडलेली बाटली टिकत नाही हे तिनेच शिकवलं होतं, आणि तिच्या हातची वस्तू मोरीत ओतायला मन घेईना. मग त्याने ती बाटली तोंडाला लावली आणि बघता बघता रिकामी केली. तेव्हा कुठे त्याला रडू आलं.

गंगाने संध्याकाळी विचारलं, "घातलीत काय भर?"

"घातली," धोंडू म्हणाला.

खोटं बोलायचं म्हणून तो बोलला नव्हता. पुढच्या महिन्यात नक्की घालू, असं त्याने मनात ठरवलं होतं. पण ऑक्टोबरला तेच झालं, नोव्हेंबरलाही तेच. दर एक तारखेला बाटली काढायची, उघडायची, सुरी घेऊन वाकायचं, मेणाकडे बघत बसायचं आणि बाटली पिऊन उठायचं. गंगाला त्याच्या तोंडाला वास यायचा. उरलासुरला घोट घेत असेल, असं समजून ती गप्प राहायची. रिकाम्या बाटल्या फळीवर ओळीने वाढत होत्या आणि तेवढं बघून तिच्या जिवाला बरं वाटायचं. पोरीचं काम घरात नीट चाललंय, एवढाच तिला आधार होता. धोंडूने तो आधारही आतून पोखरला होता आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पिपावर टिचकी मारली की वरून पोकळ आवाज यायचा. दर महिन्याला तो पोकळ आवाज थोडा खाली सरकायचा. कान शाबूत असलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं होतं?

डिसेंबरात समरीन आली. फेरीबोटीत स्कूटर घालून खाडी ओलांडली आणि धोपाव्याच्या धक्क्यावरून थेट घरी. गंगाच्या गळ्यात पडून रडली, मनस्वीची वही मागून घेतली, आणि मग म्हणाली की पीप बघून येते. धोंडू तिच्या मागोमाग गेला. मेण जुनं, काळपट पडलेलं, त्यावर धूळ. तिने बोटाची पाठ पिपावर वाजवून बघितली आणि तिला सगळं कळलं.

आवाज न चढवता ती म्हणाली की काका, अजून वेळ गेलेली नाही, आज भर घातली तर वाचेल. मेण मी काढते, सांभाळून काढते, मला माहीत आहे कसं काढायचं. एवढं बोलून तिने बुचाकडे हात नेला.

"हात लावायचा नाय," धोंडू ओरडला. "ती माझी पोर व्हती. तुझी कोण व्हती ती?"

धोंडू आयुष्यात बाईमाणसावर कधी ओरडला नव्हता. समरीनने हात मागे घेतला. बाहेर येऊन गंगाचा चहा घेतला आणि निघून गेली. तिने गंगाला सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथेच वेगळी झाली असती. पण नवरा-बायकोत ठिणगी टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्यानंतर ती जवळजवळ दीड वर्ष त्या घराकडे फिरकली नाही. धोंडूला आपण काय बोललो ते रोज आठवायचं. एक फोन करायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. त्याने तो केला नाही.

अशा रीतीने वीस बाटल्या गेल्या. शेवटच्या बाटलीवर 'एप्रिल' होतं.

अखितीच्या आधी चार दिवस गंगाने आपल्या मनानेच समरीनला फोन लावला. म्हणाली, तुम्ही दोघींनी केलेलं काम आहे, तू नसलीस तर उघडू कसं. समरीन आता दापोलीलाच नोकरीला होती. तिने रजा टाकली. अखितीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिची स्कूटर पायरीशी थांबली तेव्हा धोंडू अंगणात आंब्याच्या पेट्यांत गवत भरत होता. ती "काका" म्हणून हसली. त्याने मान खाली घालून "ये गो बाय" एवढंच म्हटलं.

गंगाने खोली सारवल्यासारखी लख्ख पुसून काढली होती. पिपाला हळदकुंकू लावलं होतं, शेजारी पेटीवर मनस्वीचा फोटो आणि काचेचे तीन ग्लास. एक धोंडूचा, एक फोटोपुढे ठेवायचा आणि तिसरा गंगाचा स्वतःचा. जन्मात थेंब न घेतलेली ती बाई म्हणाली, "आज मी पण घेणार हाय." नेसली होती तीही कपाटातली साडी.

गंगाने सुरी धोंडूच्या हातात दिली. तो पिपावर वाकला, सुरी मेणाच्या कडेशी टेकवली आणि तशीच धरून राहिला. समरीनने विचारलं, "काका, मी काढू?" या वेळी त्याने सुरी तिला देऊन टाकली.

तिने गंगाकडून तांब्याभर कढत पाणी मागितलं. सुरी त्यात बुडवली, पुसली आणि मेणाच्या कडेखाली अलगद सरकवली. परत बुडवली, पुसली, थोडी पुढे सरकवली. चारदा असं केलं आणि मेणाची चकती अख्खीच्या अख्खी सुटली, कुठे तडासुद्धा नाही. तिने ती धोंडूच्या तळहातावर ठेवली. अंगठा जसाच्या तसा होता, खाचेसकट. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम होतं.

धोंडूने चकतीकडे बघितलं, मग कढत पाण्याच्या तांब्याकडे बघितलं. कढत पाणी घरात रोज असतं. हे त्या पहिल्या सप्टेंबरलाही झालं असतं. अंगठाही राहिला असता आणि पीपही भरलं असतं. डिसेंबरात या पोरीने हेच सांगितलं होतं, आणि आपण तिच्यावर ओरडलो होतो.

समरीनने बूच काढलं तसा खोलीभर वास उठला. तिला वासावरूनच कळलं. तिने नळी आत सोडली. ती बरीच खोल सोडावी लागली. ग्लास भरले. रंग सुंदर उतरला होता, तुपकट सोनेरी. पहिला घोट बाबांचा, असं ठरलेलं होतं. धोंडूने तो घेतला. जीभ आकसली, डोळ्यांत पाणी आलं. घोट गिळून तो उभा राहिला.

गंगाने दोन्ही हातांनी ग्लास धरला, फोटोकडे बघितलं आणि एक मोठा घोट घेतला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तरी तिने थुंकून टाकलं नाही, निश्चयाने गिळलं. मग ती समरीनकडे वळली. बिघडलंय हे कळायला तिला आधीची चव कुठे ठाऊक होती?

"असंच लागतं काय गो हे?" तिने विचारलं. "चांगलं झालंय ना?"

समरीनने खाली बघितलं. त्या क्षणी धोंडूला 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. गंगाने विश्वास ठेवला असता आणि पोरीचं काम फत्ते झालं असं समजून ती आयुष्यभर सुखात राहिली असती. दोन वर्षं खोटं बोललेल्या माणसाला आणखी एक जड नव्हतं. पण ती कसंनुसं तोंड करून दुसरा घोट घ्यायला निघाली ते त्याच्याने बघवेना.

"नको पिऊस," तो म्हणाला. "ते बिघडलंय. पोरीचं नाय चुकलं. मी बिघडवलंय."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. भर कधी घातलीच नाही, मेण काढवलं नाही, दर महिन्याला घातली म्हणून खोटं सांगितलं. समरीन सांगायला आली तर तिलाही हाकललं. गंगा ऐकत होती. मध्येच तिची नजर फळीवरच्या बाटल्यांच्या ओळीकडे गेली.

"मग त्या बाटल्या?"

"मी प्यायलो."

गंगा पेटीवर बसली. पदराने तोंड पुसत राहिली, पुसून झालं तरी पुसत राहिली. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर धोंडूला सोसल्या असत्या. हे सोसवेना. अंगणात कोणीतरी पेट्यांसाठी हाक मारून गेलं.

समरीनने फोटोपुढचा ग्लास उचलला.

"तुला चालत नाय ते," धोंडू घाईने म्हणाला. एवढ्यातही त्याला तिचा धर्म आठवला.

"आता चालतं, काका," ती म्हणाली. तिची दादी ताजबी सांगायची, दारूचा आपणहून सिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला की ती दारू राहत नाही, मग ती आपल्याला हलाल. लहानपणी ऐकलेलं हे तिला कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. "चार वर्षं तिच्या खोलीत राहिले, वर्षभर तिच्या शेजारी बसून मोजमापं घेतली. तिच्या हातचा थेंब कधी तोंडात गेला नाही."

तिने ग्लास तोंडाला लावला आणि सगळा संपवला. सिरका कोणी असा पीत नाही, घसा सोलून निघतो. ती थांबत थांबत प्यायली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आंबटपणाचं किती आणि बाकी कशाचं किती हे तिचं तिलाच ठाऊक. रिकामा ग्लास तिने फोटोपुढे परत ठेवला.

"आंबटाच्या मागे थोडी बोंडूची चव आहे अजून," ती म्हणाली. तिने फळीवरच्या बाटल्यांकडे बघितलं. सगळ्यांवर मनस्वीचं अक्षर होतं.

"काका, एक विचारू? ती मला चव कधी नीट सांगायचीच नाही. 'बरी आहे गं' म्हणायची. माझ्या वहीत सगळीकडे तेवढंच लिहिलंय. तुम्ही वीस बाटल्या प्यायलात. कशी होती हो तिची वाइन?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच हवं होतं ते. आणि गंगानेही पदर खाली घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. तिलाही हवं होतं. जगात एकच माणूस उरला होता ज्याने मनस्वीच्या हातची वाइन प्यायली होती, आणि त्या दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

धोंडूने आठवायला सुरुवात केली. सप्टेंबरची बाटली आठवली, तिचा गार गळा आठवला. कागदावरचं 'सप्टेंबर' आठवलं, त्यातल्या 'र'ची शेपटी लांब ओढलेली. पेटीचा कोपरा मांडीला टोचायचा ते आठवलं. मेण आठवलं, रेषा न रेषा, खाच कुठे सुरू होते आणि कुठे संपते. मग ऑक्टोबर. मग डिसेंबर, समरीन येऊन गेल्यानंतरचा जानेवारी. त्याने जीभ टाळूला लावून बघितली. गोड होती का? घशाशी तुरट होती का? त्याने खूप जोर लावला. वीस दुपारी त्याला एकेक करून आठवल्या, पण एकाही दुपारची चव जिभेवर आली नाही.

"मी नाय बघितली, बाय," तो शेवटी म्हणाला. "मी नुसता मेणाकडे बघत व्हतो."

आणि तो खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला, हातातली चकती तशीच उताणी धरून.

गंगा उठली. त्याच्या हातातली चकती तिने काढून घेतली, आपल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"माझ्या तोंडाशी चमचा धरला व्हता तिने," गंगा म्हणाली. "मी तोंड फिरवलं."

थोड्या वेळाने समरीनने पिपातला सिरका भरून ठेवायला फळीवरच्या रिकाम्या बाटल्या खाली काढल्या, कढत पाण्याने धुवायला घेतल्या, आणि कागद भिजू नयेत म्हणून प्रत्येक बाटली गळ्याशी धरून नुसती आतून विसळली.